सुपारी घेतली, खून केला नाही

१९६२ च्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक चमत्कारिक प्रकरण आले. एका माणसाने दुसऱ्याला पैसे देऊन तिसऱ्याचा खून करायला सांगितले होते. दुसऱ्याने पैसे खिशात घातले, काम होईल असे सांगितले आणि मग काहीच केले नाही. ज्याला मारायचे होते तो धडधाकट राहिला. न्यायालयाने म्हटले, खुनाचा प्रयत्न म्हणावा असे इथे काही घडलेलेच नाही. जे घडले ती फार तर तयारी, आणि नुसत्या तयारीला शिक्षा नाही.

मुंबईच्या वाचकाला हे पटणे कठीण. सुपारी हा शब्द आपल्याकडे पोलिसांच्या कागदांपासून सिनेमाच्या पोस्टरपर्यंत रुळलेला आहे आणि ‘सुपारी दिली’ एवढे म्हटले की गुन्हा झाला, असेच आपण धरून चालतो. त्यामागची कल्पना जुनी आहे. दरबारात विड्याचे तबक पुढे यायचे, एखादा सरदार विडा उचलायचा आणि तेवढ्याने काम पत्करले असे व्हायचे. शिवाजी महाराजांवर चालून जाण्याचा विडा अफझलखानाने विजापूरच्या दरबारात उचलला, ही गोष्ट मराठी मुलाला शाळेतच भेटते. पण कायद्याच्या नजरेत गुन्हा नेमका केव्हा घडतो? तबक पुढे केले तेव्हा, विडा उचलला तेव्हा, घोड्यावर खोगीर चढवले तेव्हा, की वार झाला तेव्हा?

देशोदेशीच्या कायद्यांनी याची इतकी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत की ती शेजारी शेजारी ठेवली तर एकाच गुन्ह्याबद्दल बोलणे चालले आहे यावर विश्वास बसत नाही. दोघांनी मिळून खून करायचे ठरवले आणि तेवढ्यात ते पकडले गेले, असे समजू. इंग्लंडमध्ये त्यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. जर्मनीत, बेत हीन हेतूने किंवा कपटाने करायच्या हत्येचा असेल तर, किमान तीन आणि कमाल पंधरा वर्षे. फ्रान्समध्ये तयारीची एखादी ठोस कृती दाखवता आली तरच कैद. जपानमध्ये सामान्य नागरिकांनी खुनाची प्रत्यक्ष तयारी केली असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षे. इटलीत मात्र शून्य. तिथल्या दंडसंहितेचे ११५ वे कलम स्पष्ट सांगते की गुन्हा करायचे ठरले पण तो झालाच नाही, तर केवळ ठरवल्याबद्दल शिक्षा नाही. न्यायाधीश फार तर त्या माणसांना देखरेखीखाली ठेवू शकतात. ही संहिता १९३० ची, म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीतली. नागरिकांच्या बोलण्याचा धसका घेतलेल्या हुकूमशाहीनेही हे कलम लिहून ठेवले, ही गोष्ट उदारमतवादाचे धडे देणाऱ्या देशांनी मनात नोंदवून ठेवावी अशी आहे.

आणि भारतात? भारतात सात वर्षे. त्या आकड्याकडे पुढे यावे लागेल, कारण खून न होता कट उघडकीला आला तर सात वर्षे आणि झाला तर फाशी, या दोन टोकांच्या मध्ये आपल्या कायद्याची सगळी गंमत आणि सगळा धोका आहे.

कट हा स्वतंत्र गुन्हा, ही कल्पना इंग्लंडची. १६११ च्या सुमारास लंडनमधल्या काही कोंबडीविक्यांनी एका माणसाला चोरीच्या खोट्या आरोपात अडकवायचे ठरवले. आरोप इतका लंगडा होता की पंचांनी तो दारातूनच परत पाठवला. फिर्याद उभीच राहिली नाही, मग नुकसान कसले, असा या मंडळींचा बचाव होता. स्टार चेंबर या राजाच्या विशेष न्यायालयाने तो फेटाळला आणि संगनमत झाले तिथेच गुन्हा पूर्ण झाला असे ठरवले. अतिरेकी कारभारामुळे हे न्यायालय १६४१ मध्ये बंद केले गेले, पण कोंबडीवाल्यांच्या भांडणातून निघालेले तत्त्व टिकून राहिले आणि पुढे निम्म्या जगाच्या दंडसंहितांत शिरले.

खुनाच्या कटाची गोष्ट मात्र खऱ्या अर्थाने रंगते ती १८५८ मध्ये. १४ जानेवारीला पॅरिसमध्ये ऑपेराला निघालेल्या तिसऱ्या नेपोलियनच्या गाडीवर फेलिचे ऑर्सिनी या इटालियन क्रांतिकारकाने आणि त्याच्या साथीदारांनी बॉम्ब टाकले. सम्राट वाचला, आठ माणसे मेली, दीडशेच्या आसपास जखमी झाली. बॉम्ब बर्मिंगहॅममध्ये तयार झाले होते आणि बेत लंडनमध्ये शिजला होता. फ्रान्स संतापला: तुमच्या देशात बसून लोक आमच्या राजाच्या खुनाचे बेत करतात आणि तुमच्याकडे हा किरकोळ गुन्हा? पंतप्रधान पामर्स्टन यांनी खुनाच्या कटाला गंभीर गुन्ह्याचा दर्जा देणारे विधेयक आणले. ब्रिटिश जनतेला त्यात कायद्याची सुधारणा दिसली नाही, फ्रेंचांपुढे घातलेले लोटांगण दिसले. १९ फेब्रुवारीला संसदेत सरकार हरले आणि पामर्स्टन पायउतार झाले.

इथे हिंदुस्थानच्या इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार राणीच्या हाती देणारे विधेयक त्याच महिन्यात पामर्स्टन यांनीच मांडले होते. खुनाच्या कटाच्या विधेयकाने त्यांचे सरकार गेले आणि हिंदुस्थानचा १८५८ चा कायदा शेवटी त्यांच्या विरोधकांनी, डर्बी यांच्या मंत्रिमंडळाने, मंजूर करून घेतला. बर्मिंगहॅमच्या बॉम्बचा आवाज असा कलकत्त्यापर्यंत पोचला.

पामर्स्टन हरले, पण त्यांचे म्हणणे तीनच वर्षांनी जिंकले. १८६१ च्या कायद्याच्या चौथ्या कलमाने खुनाचा कट आणि खुनाची चिथावणी हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा केला, मग ज्याला मारायचे तो राणीचा प्रजाजन असो वा नसो, राज्याच्या हद्दीत असो वा नसो. २० वर्षांनी रशियाच्या झारचा खून झाल्यावर लंडनमधला जर्मन अराजकवादी योहान मोस्ट याने आपल्या पत्रात त्याचे स्वागत केले, तेव्हा याच कलमाखाली तो सोळा महिने तुरुंगात गेला. त्यातला चिथावणीचा भाग आजही जिवंत आहे. २००६ मध्ये अबू हमझा या धर्मोपदेशकाला दोषी धरले गेले ते त्याच्याच आधारे. कटाचा भाग १९७७ च्या कायद्यात गेला आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढली.

त्या १९७७ च्या कायद्यातही एक जुनी सवलत सहीसलामत आहे. कट फक्त नवरा आणि बायको या दोघांतच झाला असेल तर तो कट नाही! दोघांचे मन एकच, अशी जुनी समजूत. ज्यांनी कुठल्याही घरात सुट्टीला कुठे जायचे यावरची चर्चा ऐकली आहे त्यांना ही समजूत भाबडी वाटेल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संघराज्याच्या कायद्यापुरती ती १९६० मध्ये मोडीत काढली. भारतीय संहितेत अशी सूट कुठेही लिहिलेली नाही.

युरोपच्या मुख्य भूमीवर कायदे वेगळ्या रीतीने आले, पण धक्का तसाच होता. १८७३ मध्ये दुशेन नावाच्या एका बेल्जियन कारागिराने पॅरिसच्या आर्चबिशपला पत्र लिहून मोठ्या रकमेच्या बदल्यात जर्मन चान्सलर बिस्मार्कचा खून करून देण्याची तयारी दाखवली. आर्चबिशपने पत्र अधिकाऱ्यांकडे दिले. दुशेनला पकडायचे तर बेल्जियमच्या कायद्यात त्याचा गुन्हाच सापडेना. त्याने फक्त विचारले होते. बिस्मार्कने बेल्जियमवर इतका दबाव आणला की १८७५ मध्ये तिथे नवा कायदा झाला. मग जर्मनीला आपल्याही संहितेत तसे काही नाही याची आठवण झाली आणि १८७६ मध्ये तिनेही भर घातली. आजच्या जर्मन संहितेचे ३० वे कलम त्याच भरीचे नातवंड आहे. फ्रान्समध्ये १८९३ च्या ९ डिसेंबरला संसदेच्या सभागृहात बॉम्ब पडला आणि १८ डिसेंबरला गुन्हेगारी संगनमताचे कलम ऐसपैस रुंदावण्यात आले. नऊ दिवसांत! तरी १९६२ चा तो पैसे देणारा त्या जाळ्यातून निसटलाच, आणि ही फट बुजवायला फ्रान्सला २००४ उजाडले. सुपारी देणाऱ्याला, खून किंवा त्याचा प्रयत्नही झाला नसला तरी, आता तिथे दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

हिंदुस्थानातही असेच झाले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत खुनाच्या कटाला स्वतंत्र जागा नव्हती. कट हा ‘अपप्रेरणा’, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत, या प्रकरणाचा एक भाग होता आणि त्यासाठी ठरवण्यापलीकडे काहीतरी कृती घडावी लागे. राजाविरुद्ध युद्ध पुकारण्याच्या कटाचे कलम १८७० मध्ये आले, पण खून, दरोडा यांना जुनाच नियम होता. नाशिकचे जॅक्सन प्रकरण त्या जुन्या नियमाखाली चालले. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पिस्तूल ब्राउनिंगचे, लंडनहून आलेले. अशी वीस पिस्तुले पाठवल्याबद्दल विनायक दामोदर सावरकरांवर खुनाच्या अपप्रेरणेचा खटला झाला आणि १९११ च्या जानेवारीत त्यांना दुसरी जन्मठेप सुनावली गेली. पेटीतून ती पिस्तुले आणणारा लंडनच्या इंडिया हाउसचा आचारी चतुर्भुज अमीन सरकारी साक्षीदार झाला होता. म्हणजे नव्या कलमाशिवायही पुरवठादारापर्यंत पोचता येत होते. पिस्तूल ही वस्तू होती आणि तिचा प्रवास दाखवता येत होता.

त्याच महिन्यात टोकियोत काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. सम्राट मेइजी यांच्या खुनाच्या बेताबद्दल चोवीस जणांना फाशी सुनावली गेली, बारा जणांची ती जन्मठेपेत बदलली आणि पत्रकार कोतोकू शूसुई यांच्यासह उरलेल्या बारांना जानेवारीच्या अखेरीस फासावर चढवले. सम्राटाला ओरखडाही उठलेला नव्हता. मोजक्या तीन-चार माणसांचा काही बेत होता, बाकीच्यांचे नाते मैत्रीचे, वाचनाचे, पत्रव्यवहाराचे. त्या आठवणीमुळेच असेल, जपानी समाज कटाच्या कायद्याकडे आजही संशयाने पाहतो. २०१७ मध्ये संघटित टोळ्यांपुरता आणि तोही तयारीच्या कृतीची अट घालून असा कायदा संसदेने केला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते.

दिल्लीत २३ डिसेंबर १९१२ ला चांदणी चौकात व्हाइसरॉय हार्डिंग यांच्या हत्तीवर बॉम्ब पडला. पुढच्या साधारण तीन महिन्यांत, १९१३ मध्ये, संहितेत १२०-अ आणि १२०-ब ही कलमे आली. आता खुनासारख्या गुन्ह्यासाठी ‘ठरवणे’ एवढेच पुरे झाले. पुढे पाऊल टाकण्याची गरज उरली नाही. हेतू इंग्लंडच्या कायद्याशी मेळ घालण्याचा, असे सरकारने सांगितले. तोच मजकूर, शब्दांची थोडी मांडणी बदलून, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ६१ व्या कलमात बसला आहे. वसाहतीचा वारसा पुसण्याच्या घोषणेने आलेल्या संहितेने हार्डिंगसाहेबांच्या हत्तीची आठवण जपून ठेवली.

मग आकडा सातचा कसा? कारण १२०-ब शिक्षेसाठी बोट दाखवते ते अपप्रेरणेकडे, आणि फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला अपप्रेरणा दिली पण तो घडला नाही, तर कमाल सात वर्षे असे तिथे लिहिले आहे. कुणाला इजा झाली तर चौदा. खून झालाच, तर कटातल्या प्रत्येकाला खुनाचीच शिक्षा. थोडक्यात, गुन्हा बोलण्याचा, पण शिक्षा ठरते ती दुसऱ्या कुणाच्या हातातले पिस्तूल चालले की अडकले यावर. ज्याने ठरवण्यापलीकडे काही केले नाही, त्याचे नशीब असे दुसऱ्याच्या नेमबाजीला बांधलेले.

याचा सर्वांत मोठा धडा मराठी माणसांच्याच खटल्यात सापडतो.

२० जानेवारी १९४८ ला दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये गांधीजींच्या प्रार्थनासभेजवळ मदनलाल पाहवाने स्फोट घडवला आणि तो जागच्या जागी पकडला गेला. बाकीचे पळाले. ३० जानेवारीला नथुराम गोडसेने गोळ्या झाडल्या, त्या वेळी पाहवा दहा दिवसांपासून पोलिसांच्या कोठडीत होता. लाल किल्ल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे खटला चालला. १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात गोडसे आणि नारायण आपटे यांना फाशी झाली. पाच जणांना जन्मठेप झाली आणि त्यांत कोठडीतला पाहवाही होता. सावरकर सुटले, कारण त्यांच्याविरुद्धचा पुरावा माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या शब्दावर उभा होता आणि त्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा नव्हता. पंजाब उच्च न्यायालयाने सिमल्याला अपील ऐकून त्या पाचांतल्या डॉ. परचुरे आणि शंकर किस्तय्या यांनाही सोडले. गोळी एकानेच झाडली होती, पण १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात फासावर दोघे गेले.

गोडसेने अपील केले ते खुनाच्या शिक्षेवर नव्हे. त्याचे भांडण एकाच निष्कर्षाशी होते: कट नव्हता, मी एकटा होतो. खुनाची कबुली देणारा माणूस कटाचा शब्द पुसण्यासाठी न्यायाधीशांपुढे स्वतः उभा राहून युक्तिवाद करतो, यावरून त्या शब्दाचे वजन कळावे. खुनाने एक माणूस फासावर जातो, कटाने त्याच्या शेजारचेही जातात.

अमेरिकेत याच सुमारास, १९४६ मध्ये, पिंकर्टन बंधूंचा निकाल लागला होता. बेकायदा दारूचा धंदा करणाऱ्या या दोन भावांपैकी एक आधीच तुरुंगात होता आणि दुसरा बाहेर गुन्हे करत राहिला. तुरुंगातला भाऊही त्या गुन्ह्यांना जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. कटातून अंग काढून घेतल्याचे त्याने कुठे दाखवले नव्हते. पाहवाचे आणि या भावाचे प्रकरण वरवर जुळे वाटते, पण फरक मोठा आहे. पाहवाने दहा दिवस आधी त्याच माणसाच्या सभेत स्वतःच्या हाताने वात पेटवली होती. त्याला कटात धरणे न्यायाला सोडून आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न अशा माणसांचा आहे ज्यांच्या हातात वातही नव्हती.

कटाच्या कायद्याच्या बाजूने नेहमी एक सबळ कारण दिले जाते: रक्त सांडेपर्यंत पोलिसांनी वाट पाहावी काय? कारण खरेच सबळ आहे आणि इटलीचा मार्ग म्हणूनच पुरा पटत नाही. पण २० जानेवारीला दिल्ली पोलिसांच्या हाती काय नव्हते? १९१३ चे कलम होते, कटातला माणूस होता, पुण्याच्या एका मराठी पत्राच्या संपादकाकडे, म्हणजे गोडसेकडेच, बोट दाखवणारे त्याचे बोलणे होते. कायदा तोकडा पडला नाही, पोलीस तोकडे पडले. खुद्द आत्माचरण यांनी निकालात २० ते ३० जानेवारीच्या दरम्यानच्या ढिलाईवर ताशेरे मारले. म्हणून दर हल्ल्यानंतर कलम आणखी रुंद करण्याची जी घाई होते, तिच्याकडे जरा थांबून पाहावे. १९९९ मध्ये महाराष्ट्राने मकोका केला, त्यात संघटित गुन्हेगारीच्या कटाला किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली आणि शिवाय पोलीस अधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालेल असेही ठरवले. शिक्षा वाढवणे समजू शकते. पुरावा सैल करणे ही दुसरी गोष्ट आहे, आणि खरी मेख तिथे आहे.

कटाची व्याख्या कशीही करा, तो सिद्ध कसा करणार? कट कुणी नोटरीपुढे करत नाही. इंग्लंडने बोलण्याला गुन्हा ठरवले तेव्हा काही बाबतींत हात आखडताही घेतला. तिथे खून ठरायला गंभीर इजा करण्याचा हेतू पुरतो, पण खुनाचा कट ठरायला जीव घेण्याचाच हेतू लागतो. आणि एका कटवाल्याचे शब्द दुसऱ्याविरुद्ध वापरायचे तर ते कट पुढे नेण्यासाठी उच्चारलेले असावे लागतात. अमेरिकेच्या संघराज्यात खुनाच्या कटासाठी निदान एका कृतीची अट आहे, भले ती एखादा फोन करण्याइतकी क्षुल्लक असो. भारताचा १८७२ चा पुरावा कायदा मात्र इंग्लंडहून ऐसपैस होता. त्याच्या १० व्या कलमाप्रमाणे कट असल्याचे मानायला वाजवी आधार असला की समान हेतूच्या ‘संदर्भात’ एकाने म्हटलेले, लिहिलेले, केलेले सगळे दुसऱ्याविरुद्ध चालत असे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी हे लिहिले तेव्हा दंडसंहितेत खुनाच्या कटाची कृतीविना व्याख्याच नव्हती, त्यामुळे एका बाजूची सैल दुसऱ्या बाजूने आवळलेली होती. १९१३ मध्ये दुसरी बाजूही सुटली. आता दोन्ही गाठी सुटलेल्या आहेत. नव्या साक्ष अधिनियमात हेच आता आठवे कलम आहे.

या सैलपणाला काही बांध न्यायालयांनी घातले. १९४० मध्ये पेशावरकडचे एक प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले: विवाहित बाई, तिचा प्रियकर, आणि नवऱ्याला मारण्यासाठी भाड्याने घेतलेला मारेकरी. दोघांच्या पत्रांतच पैशांची भाषा होती, त्यामुळे प्रियकराची शिक्षा टिकली. पण खून झाल्यावर, अटकेनंतर, बाईने दिलेला जबाब त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही असे कौन्सिलने ठरवले. कट संपला की एकमेकांच्या वतीने बोलणेही संपले. हा नियम आजही टिकून आहे.

तरी बांधाच्या आतही पाणी खोल आहे. इंदिरा गांधींच्या खुनाच्या खटल्यात कटाचा आरोपी केहरसिंग घटनास्थळी नव्हता, त्याच्याकडे शस्त्र नव्हते. मारेकरी बेअंतसिंगच्या घराच्या गच्चीवर दोघे बराच वेळ हलक्या आवाजात बोलले, ही बेअंतसिंगच्या पत्नीची साक्ष, मग अमृतसरची वारी आणि अशाच काही जोडकड्या. गच्चीवर काय बोलले हे कुणी ऐकले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये त्याची फाशी कायम केली आणि त्याच निकालात कटाचाच आरोप असलेल्या बलबीरसिंगला सोडले. ६ जानेवारी १९८९ ला केहरसिंग फासावर गेला. तो निर्दोष होता असे म्हणण्याचा इथे हेतू नाही. पण न ऐकलेल्या संभाषणाने गळ्याला दोर लागू शकतो, आणि खून झाला नसता तर त्याच गच्चीची किंमत सात वर्षांहून जास्त नसती, ही तफावत कुठल्याही कायद्याला शोभणारी नाही.

राजीव गांधी खटल्यात विशेष न्यायालयाने १९९८ मध्ये सगळ्या सव्वीस आरोपींना फाशी सुनावली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतल्या एकोणीस जणांना खुनाच्या कटातून मोकळे केले आणि बजावले की ओळख, सहवास किंवा नुसती माहिती म्हणजे कट नव्हे. फाशी कायम राहिलेल्या चौघांत ए. जी. पेरारिवलन होता. त्याने विकत घेतलेल्या नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बॉम्बात वापरल्या गेल्या, असा आरोप होता. त्याचा टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली कबुलीजबाब नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर, २०१३ मध्ये, सांगितले की बॅटऱ्या कशासाठी हव्या आहेत हे आपल्याला माहीत नव्हते, असे तो म्हणाला होता आणि ते वाक्य लिहून घेतले गेले नव्हते. कटाच्या गुन्ह्यात सारे काही त्या एका वाक्यात असते. पेरारिवलन एकोणीस वर्षांचा असताना पकडला गेला आणि २०२२ मध्ये सुटला.

उलटी चूकही तितकीच दुखरी असते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. मे २०२४ मध्ये विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि कटाचे आरोप असलेले तिघे सुटले. पिस्तूल चालवणाऱ्या हातांपर्यंत कायदा पोचला, त्या हातांमागच्या डोक्यांपर्यंत पोचू शकला नाही. यावर उपाय म्हणून कटाचा पुरावा आणखी सैल करा, असे कुणी म्हणेल. पण त्या खटल्यात कलम कमी पडले नव्हते. तपास उशिरा आणि भरकटत झाला, आणि तपासातली उणीव कलमाने भरून निघत नाही.

दुसरी एक दुरुस्ती मात्र नक्की करण्यासारखी आहे, आणि ती जर्मनीकडून घेता येईल. तिथे कटातल्या माणसाने आपणहून गुन्हा रोखला, किंवा रोखण्याचा मनापासून प्रयत्न केला आणि गुन्हा टळला, तर तो शिक्षेतून मुक्त होतो. नुसते गप्प राहून भागत नाही, पण परतीची वाट उघडी असते. लिंकन यांच्या खुनाच्या कटात उपाध्यक्ष जॉन्सन यांना मारण्याचे काम जॉर्ज अ‍ॅटझरॉट याच्याकडे होते. ऐन वेळी त्याचे धैर्य गळाले आणि तो दारू पिऊन भटकत राहिला. ७ जुलै १८६५ ला तो इतर तिघांबरोबर फासावर गेला. जर्मनीच्या नियमानेही तो सुटला नसता, कारण त्याने कुणाला सावध केले नाही. पण सावध केले असते तर? भारतीय कायद्यात त्यालाही हक्काने काही मिळाले नसते. कट ठरला तिथेच गुन्हा पूर्ण झालेला. आपल्याकडे वाट उघडते ती खुनानंतर, माफीच्या साक्षीदारासाठी. बडगेने २९ जानेवारीला तोंड उघडले असते तर कायद्याने त्याला कोणताही शब्द दिला नव्हता. नंतर उघडले आणि तो मोकळा झाला.

बढाई आणि बेत यांतले अंतर मोजणे ही आणखी एक अडचण. न्यूयॉर्कचा एक पोलीस शिपाई इंटरनेटवर अनोळखी लोकांशी ओळखीच्या बायकांना पळवून मारून खाण्याचे बेत रंगवत असे. २०१३ मध्ये पंचांनी त्याला अपहरणाच्या कटाबद्दल दोषी ठरवले. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला, कारण ठरलेल्या तारखा येत-जात होत्या आणि कुणीही काहीही करत नव्हते, विचारतही नव्हते. वरच्या न्यायालयाने २०१५ मध्ये ते मान्य केले. घाणेरडी कल्पनारंजने होती, पण कट नव्हता.

हेच अंतर मोजण्याची वेळ १९४८ च्या जानेवारीत मुंबईत रुइया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्यावर आली होती. मदनलाल पाहवा त्यांच्या ओळखीचा. गांधीजींना मारण्याचा बेत त्याने जैनांना सांगितला आणि निर्वासित तरुणाची बडबड समजून त्यांनी ते मनावर घेतले नाही. २० तारखेच्या स्फोटाची बातमी वाचल्यावर मात्र ते दुसऱ्याच दिवशी मुंबईचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटले आणि सगळे सांगितले. सोळा वर्षांनी, १९६४ च्या नोव्हेंबरात, शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या स्वागतासाठी पुण्यात सत्यविनायकाची पूजा झाली आणि तिथे लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर यांनी हा बेत आपल्याला आधीच ठाऊक होता असे सांगून टाकले. त्यातून संसदेत गदारोळ झाला आणि पुढे न्यायमूर्ती कपूर यांचा चौकशी आयोग आला. कळणे म्हणजे कट नव्हे, हे खरे. पण खुनाचा बेत कळूनही न कळवणाऱ्याला जर्मनीत पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, फ्रान्समध्ये तीन. आपली प्रक्रिया संहिताही असा बेत कळवणे हे कर्तव्य मानते, फक्त त्या कर्तव्याची आठवण कुणाला कधी करून दिली जाते, हे शोधावे लागेल.

जैनांनी कळवले होते. मोरारजींनी ते पोलीस उपायुक्त नगरवाला यांच्या कानावर घातले होते. त्यानंतर गांधीजी नऊ दिवस जगले. काही महिन्यांनी जैन लाल किल्ल्यातल्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले आणि २१ जानेवारीला मंत्र्यांना जे सांगितले होते तेच त्यांनी न्यायाधीशांना सांगितले. लेखनिकाने ते सरकारी पक्षाचा पुरावा म्हणून उतरवून घेतले.